काही अपरिहार्य कारणास्तव...

कॉलेजच्या गेटसमोर जो झेरॉक्सवाला आहे ना, त्याच्या शटरवर वर्षातून चार-पाच वेळा एक पुठ्ठा लटकलेला असतो. 'काही अपरिहार्य कारणास्तव दुकान बंद राहील.' आणि तोसुद्धा नेमका सबमिशनच्या आदल्या दिवशी! आता मला सांगा, ही पाटी वाचून आपल्याला काय कळतं? दुकान बंद आहे हे तर शटर बघूनच कळलं होतं. कारण कोणतं? किती दिवस? संध्याकाळी उघडेल की एकदम पुढच्या सोमवारी? पाटी वाचण्याआधी आपण जेवढे अडाणी होतो, वाचल्यावरही तेवढेच राहतो.

या सेमिस्टरला मला अशीच एक पाटी कोडमध्ये भेटली. खरं सांगायचं तर पाटीसुद्धा नव्हती, नुसतंच शटर होतं. त्यावरून मी जो काही घोळ घातला त्याची ही गोष्ट, आणि त्या घोळातून तयार झालेलं माझं एक पक्कं मत. (आधीच सांगून ठेवते, मी कॉन्व्हेंटवाली. घरी मराठी, शाळेत इंग्लिश आणि हॉस्टेलवर दोन्हीची भेळ! ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.)

मत असं आहे : लिंटरचा एखादा नियम बंद करणं हा गुन्हा नाही. पण तो का बंद केला हे तिथेच, त्याच ओळीशेजारी लिहून न ठेवणं, हा मागून येणाऱ्यावर केलेला अन्याय आहे.

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या दोस्तांसाठी थोडक्यात सांगते. लिंटर म्हणजे कोड न चालवताच तो वाचून चुका दाखवणारा प्रोग्रॅम. वर्डमध्ये चुकीच्या स्पेलिंगखाली लाल रेघ येते ना, साधारण तसंच. १९७८ साली बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी असा पहिला प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला नाव दिलं 'लिंट'. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेला धाग्यांचा बारीक कचरा. शर्ट चांगलाच आहे, फक्त कचरा झटकायचाय, असा अर्थ. जावास्क्रिप्टसाठी आज आपण सगळे वापरतो ते ईएसलिंट निकोलस झकास यांनी २०१३ मध्ये सुरू केलं.

आता लिंटर हुशार असला तरी त्याला आपल्या घरातल्या भानगडी माहीत नसतात. तो म्हणतो 'असं लिहू नका', आणि शंभरातून एकदा आपल्याला तसंच लिहायचं असतं, काहीतरी ठोस कारणाने. म्हणून नियम बंद करायची सोय आहे. एका ओळीपुरता, एका फाईलपुरता, किंवा कॉन्फिग फाईलमध्ये नियमाच्या नावापुढे 'ऑफ' लिहून सगळ्या प्रोजेक्टपुरता. एक शब्द, की लाल रेघ गायब! इतकं सोपं आहे म्हणूनच तर धोका आहे.

तर आता घोळ.

आमच्या हॉस्टेलच्या मेसचा हिशोब एका छोट्या वेबसाईटवर चालतो. दोन-तीन बॅच आधीच्या सिनिअर्सनी बनवलेली. कोण किती दिवस जेवलं, कोणाचे किती खाडे, महिन्याचं बिल किती, एवढंच काम. एका खाड्यामागे नव्वद रुपये वजा होतात. सिनिअर्स पासआऊट झाल्या आणि साईट माझ्या गळ्यात पडली. मी नुकतीच एक इंटर्नशिप करून आले होते, त्यामुळे अंगात भलताच उत्साह. म्हटलं, आधी साफसफाई करू.

कॉन्फिग फाईल उघडली तर एकाखाली एक अकरा नियम 'ऑफ'. एकाही ओळीपुढे एक अक्षर नाही. माझी पहिली प्रतिक्रिया तुमची झाली असती तीच झाली : 'काय आळशी लोक होते!'

त्यातला एक नियम तुलनेच्या चिन्हाचा होता. जावास्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी सारख्या आहेत का हे दोन प्रकारे विचारता येतं. == असं लिहिलं तर ४१ हा आकडा आणि '४१' हा मजकूर सारखाच धरला जातो. === असं लिहिलं तर आकडा वेगळा आणि मजकूर वेगळा. ईएसलिंटचा नियम म्हणतो, नेहमी तीन चिन्हांचा वापरा. कोणत्याही पुस्तकात हेच सांगितलेलं असतं. मी 'ऑफ' काढून नियम चालू केला, तेवीस ठिकाणी लाल रेघा आल्या, तेवीस ठिकाणी मी एकेक जादा बरोबरचं चिन्ह ठोकलं, माझा स्वतःचा एक खाडा टाकून पाहिला, बरोबर दिसला. चहा प्यायला गेले. स्वतःवर खूश!

महिनाअखेर बिलं निघाली. दोन-चार जणी म्हणाल्या की बिल जास्त वाटतंय. मला वाटलं, नेहमीची कुरकुर. खरा प्रकार कळला तो पुढच्या महिन्यात, तोही अपघाताने. फर्स्ट इयरची एक मुलगी, तिचे वडील हॉस्पिटलमध्ये होते म्हणून बारा दिवस गावी गेली होती. बारा खाडे. एक हजार ऐंशी रुपये वजा व्हायला हवे होते. एक रुपयाही झाला नव्हता. आणि तिने गपचूप पूर्ण बिल भरलं होतं, रूममेटकडून उसने घेऊन. मी विचारलं, "अगं, मग बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "ताई, मला वाटलं इतके दिवस सलग खाडे चालत नसतील. काहीतरी नियम असेल."

काहीतरी नियम असेल! हे वाक्य माझ्या अजून डोक्यातून गेलेलं नाही.

शेवटी त्या सिनिअरला फोन लावला. ती हसायलाच लागली. "अगं, ते दोन चिन्हांचं मुद्दाम ठेवलं होतं! ज्या मुली ॲपवर खाडा टाकत नाहीत त्या मेसच्या काकांच्या वहीत लिहितात. ती वही महिनाअखेर एक्सेलमध्ये भरतो, तिथून रोल नंबर मजकूर म्हणून येतो. ॲपमधून आकडा म्हणून येतो. दोन्ही जुळावेत म्हणून तसं केलं. लिहायचं राहिलं गं."

लिहायचं राहिलं. वहीत खाडे लिहिणाऱ्या एकतीस मुलींचे सगळे खाडे त्या महिन्यात शून्य धरले गेले होते. सगळ्यांचे पैसे परत केले, काकांसमोर मान खाली घालून उभी राहिले, सगळं झालं. पण तीस-चाळीस अक्षरांची एक ओळ तिथे असती तर यातलं काहीही झालं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, चूक तुझीच आहे, नीट तपासलं का नाहीस? शंभर टक्के मान्य. मी माझ्या एकटीच्या खाड्यावर भरवसा ठेवला, वहीतून आलेला एकही नमुना पाहिला नाही. ती चूक माझीच. आणि खरा उपाय दोन चिन्हं ठेवणं हाही नव्हता. एक्सेलमधून भरतानाच नंबरचा आकडा करून घ्यायचा आणि नियम चालू ठेवायचा, हा होता (आता तसंच केलंय). पण हा उपाय सुचायला आधी अडचण काय होती ते कळायला हवं ना? कारण माहीत नसलेल्या माणसापुढे दोनच रस्ते उरतात. एक, हात न लावता घाबरून तसंच ठेवणं. दुसरा, माझ्यासारखं उपटून टाकणं. दोन्ही आंधळेच.

पहिल्या रस्त्यावरून आजीने सांगितलेली मांजराची गोष्ट आठवते. तुम्हीही ऐकली असेल. एका घरी श्राद्धाच्या स्वयंपाकात मांजर लुडबुड करायचं म्हणून म्हातारी ते टोपलीखाली झाकून ठेवायची. म्हातारी गेली, मांजरही गेलं. पुढच्या वर्षी सुनेने शेजारून मांजर मागून आणलं आणि टोपलीखाली झाकलं, कारण आपल्याकडे श्राद्धाला मांजर झाकतात! आपल्या कित्येक कॉन्फिग फाईली म्हणजे अशी झाकलेली मांजरंच आहेत. मागच्या प्रोजेक्टमधून फाईल कॉपी, तिच्यात त्याच्या मागच्या प्रोजेक्टमधले 'ऑफ'. ज्या लायब्ररीसाठी नियम बंद केला ती लायब्ररी कधीच गेली, टोपली मात्र तिथेच.

कोणाला वाटेल की मेसच्या नव्वद रुपयांवरून ही बया फारच भाषण देते आहे. मग थोडं मोठं उदाहरण घेऊ.

४ जून १९९६. फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण. उड्डाणक्रम सुरू झाल्यावर साधारण चाळीस सेकंदांत, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, रॉकेट वाट सोडून वळलं आणि फुटलं. सोबत क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह गेले. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन ४ वरून आणलेलं होतं. त्यात ६४ बिटचा दशांश आकडा १६ बिटच्या पूर्णांकात बदलताना तो मावला नाही, आणि यंत्रणा बंद पडली. हा किस्सा आपल्याला फर्स्ट इयरपासून ओव्हरफ्लोचं उदाहरण म्हणून सांगतात. पण चौकशी समितीच्या अहवालात याच्या पुढचा एक भाग आहे, तो फारसं कोणी सांगत नाही.

असा धोका असलेली व्हेरिएबल्स सात होती. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता, म्हणून चारच व्हेरिएबल्सना संरक्षण दिलं, तीन तशीच सोडली. हे गलथानपणाने झालं नव्हतं. एक तर ती भौतिकदृष्ट्याच मर्यादित आहेत किंवा त्यांच्या बाबतीत भरपूर सुरक्षित अंतर आहे, असा विचार करून, संबंधितांनी एकत्र ठरवलेलं होतं. एरियन ४ च्या मार्गाला ते चाललंही. पण एरियन ५ चा आडवा वेग कितीतरी जास्त होता. आणि समिती म्हणते की ही तीन व्हेरिएबल्स का सोडली, याचं समर्थन सोर्स कोडमध्ये थेट कुठेच सापडलं नाही. प्रचंड कागदपत्रांच्या ढिगात ते गृहीतक बाहेरच्या तपासणाऱ्यांच्या नजरेआड राहिलं, मुद्दाम लपवलेलं नसूनही.

हे लिंटरचं उदाहरण नाही, मान्य. कोडमध्ये एक ओळ असती तर रॉकेट नक्की वाचलं असतं, असाही माझा दावा नाही. पण 'एरियन ४ चा आडवा वेग अमुकच्या वर जात नाही, म्हणून तपासणी नाही' असं त्या ओळीशेजारी असतं, तर एरियन ५ साठी तो कोड उघडणाऱ्याला निदान प्रश्न तरी पडला असता!

आणि कारण लिहायचं म्हणजे कसलंही लिहून चालत नाही, याचंही एक उदाहरण आहे. २००६ मध्ये डेबियन लिनक्समध्ये ओपनएसएसएलच्या कोडमधल्या दोन सारख्या दिसणाऱ्या ओळी बंद करण्यात आल्या. का, तर मेमरी तपासणारं टूल त्यांच्याबद्दल वॉर्निंग देत होतं. मूळ कोडमध्ये त्यातल्या एका ओळीपुढे टीप होती, पण एवढ्याच अर्थाची, की 'प्युरिफाय तक्रार करतं'. टूल तक्रार का करतं, आणि तरीही ही ओळ इथे काय काम करते, ते नव्हतं. आणि दुसऱ्या ओळीपुढे तर काहीच नव्हतं. प्रत्यक्षात ती दुसरी ओळच यादृच्छिकपणा मिसळायचं मुख्य काम करत होती. ती गेल्यावर गुप्त किल्ल्या बनवताना बदलणारी गोष्ट जवळजवळ एकच उरली, ती म्हणजे प्रोसेस क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या आणि आकाराच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता. लॅपटॉपवर बसून सगळ्या काढता येतील एवढ्या! हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये, जवळजवळ दोन वर्षांनी.

'टूल तक्रार करतं' ही कोडमधली 'अपरिहार्य कारणास्तव'वाली पाटी आहे. शेजारी टीप लिहिल्याचं समाधान मिळतं, माहिती शून्य.

इथे मला शाळेची कॅलेंडर डायरी आठवते. तिच्या मागच्या पानांवर तक्ता असायचा : तारीख, गैरहजेरीचं कारण, पालकांची सही. कारण लिहिल्याशिवाय सिस्टर वर्गात घ्यायच्या नाहीत. माझ्या डायरीत आईच्या हातचं कायम एकच कारण, 'ताप'. वर्षभर ताप! सहावीत सिस्टरनी आईला बोलावून घेतलं आणि काळजीने विचारलं, "हिची ब्लड टेस्ट केलीत का?" आईची जी पंचाईत झाली! त्या वेळी मला त्या तक्त्याचा भयंकर राग होता. आज वाटतं, सिस्टरांचं डिझाईन उत्तम होतं. नियम मोडायला परवानगी होती. फक्त मोडल्याची नोंद, कारण आणि सही त्याच पानावर. आणि खोटं कारण पाच वेळा आलं की पकडलं जायचं.

गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच तर करतात. मिस्रा सी या नियमावलीत 'आवश्यक' प्रकारचा नियम मोडायचा असेल तर त्याची कारणासह लेखी नोंद ठेवावी लागते, आणि काही नियम तर मोडताच येत नाहीत. आपल्यातले कितीतरी जण उद्या पुण्या-चाकणच्या वाहन कंपन्यांत जाणार आहेत. तिथे ही सवय लागण्यापेक्षा इथेच लागलेली बरी.

आता नेहमीचे युक्तिवाद.

'गिटच्या कमिट मेसेजमध्ये लिहिलंय की!' फारच छान. आपल्या सगळ्यांचे कमिट मेसेज कसे असतात ते आपण जाणतो. 'फायनल', 'फायनल २', 'आता खरंच फायनल'. आणि चांगला मेसेज असला तरी नंतर कोणी तरी सगळ्या फाईलचं फॉरमॅटिंग बदलतं आणि त्या ओळीवर शेवटचं नाव त्याचं लागतं. खरं कारण शोधायला मग उत्खनन करावं लागतं. कारण हे शटरवर हवं, मालकाच्या कपाटात नको.

'कॉमेंट शिळी होते, कोड बदलतो आणि ती तशीच राहते.' हा मुद्दा खरा आहे. पण म्हणूनच कारण असं लिहावं की ते शिळं झालेलं ओळखता येईल. 'वहीतले नंबर मजकूर म्हणून येतात म्हणून' असं असेल, तर वही बंद झाली की कोणीही सांगेल, आता हे काढा. गप्प बसलेला 'ऑफ' मात्र कधीच शिळा होत नाही. तो अमर असतो.

'नियम बंदच करू नका, कोड बदला.' हा कडक सोवळ्याचा पक्ष. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले जेरार्ड होल्झमान यांनी २००६ मध्ये दहा नियम मांडले, त्यातला दहावा साधारण असाच आहे : एकही वॉर्निंग नको, आणि टूल गोंधळत असेल तर कोडच सोपा करा. अंतराळयानासाठी योग्यच. पण कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये, दुसऱ्याच्या जुन्या कोडवर, ते दरवेळी जमत नाही. जिथे जमत नाही तिथे निदान लिहा, एवढंच माझं म्हणणं.

'सोय कुठे आहे?' ही सबब तर आता उरलेलीच नाही. ईएसलिंटमध्ये २०२० च्या सातव्या आवृत्तीपासून नियम बंद करणाऱ्या कॉमेंटमध्येच -- अशी दोन छोट्या रेघांची खूण करून पुढे कारण लिहिता येतं. कारण न लिहिल्यास तक्रार करणारं प्लगिनसुद्धा मिळतं. २०२४ च्या नवव्या आवृत्तीपासून कॉन्फिग म्हणजे साधी जावास्क्रिप्ट फाईल झाली आहे, तिच्यात हव्या तेवढ्या कॉमेंट लिहा. शिवाय जी बंदी आता निरुपयोगी झाली तिच्याबद्दल हीच आवृत्ती आपणहून वॉर्निंग देते, म्हणजे निदान काही टोपल्यांखाली मांजर नाही हे ती सांगते! रस्ट भाषेत तर सप्टेंबर २०२४ च्या १.८१ आवृत्तीपासून नियम बंद करतानाच कारण लिहायची जागा भाषेतच आहे.

मी स्वतःसाठी आता चार गोष्टी ठरवल्या आहेत. बंदी शक्य तितकी छोटी, म्हणजे एका ओळीने भागत असेल तर फाईलभर नको. नियमाचं नाव घालायचं, सरसकट सगळे बंद नाहीत. कारणात 'काय' नाही, 'का' लिहायचं. आणि शेवटी, हे कधी काढता येईल तेही लिहायचं. चारही मिळून दोन ओळींच्या वर जात नाही. त्या सिनिअरची राहून गेलेली टीप मी अशी लिहिली असती : 'वहीतून आलेले रोल नंबर मजकूर असतात, ॲपमधले आकडे. दोन्ही जुळावेत म्हणून नियम बंद. एक्सेल भरताना आकडे करून घेतले की चालू करा.' झालं!

शेवटी एक कबुली. हा लेख लिहायला बसण्याआधी, दुसऱ्याला शहाणपण शिकवतेय तर आधी स्वतःचं बघू म्हणून, मी माझ्या मिनी प्रोजेक्टमध्ये शोधलं. डेमोच्या आदल्या रात्री मी स्वतः नऊ ठिकाणी लिंटरचं तोंड बंद केलं होतं. काही ठिकाणी तर एआयने सुचवलेली ओळ जशीच्या तशी चिकटवलेली. एकाही ठिकाणी कारण नाही! म्हटलं, आता लिहू. पाच ठिकाणी लिहिता आलं. चार ठिकाणी काही केल्या आठवेना. ती चार काढून पाहिली, तर दोन ठिकाणी काहीच फरक पडला नाही, आणि उरलेल्या दोन ठिकाणी चक्क बग होता. लिंटर बरोबर होता, मी चूक होते, आणि मीच त्याला गप्प बसवलं होतं.

माझ्या मते कारण लिहिण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. मागून येणाऱ्याला कळतं हे आहेच. पण त्याआधी आपल्याला कळतं की आपल्याकडे कारण आहे की नाही. पेन हातात घेतलं आणि 'म्हणून'च्या पुढे काहीच सुचलं नाही, तर समजावं की ते शटर बंद करायची गरजच नव्हती.

तेव्हा मंडळी, आज रूमवर गेलात की आपली कॉन्फिग फाईल उघडा. जितके 'ऑफ' दिसतील तितक्यांपुढे एकेक ओळ लिहा. मराठीत लिहिलीत तरी चालेल, कंप्युटर कॉमेंट वाचत नाही. ती वाचणार आहे पुढच्या बॅचची एखादी उत्साही मुलगी, आणि तिच्या हातात कोणाचं तरी मेसचं बिल असणार आहे.

– टी. ई. (कॉम्प्युटर)